बुवांची चाल माझ्या तारांवर

मी बेंजो बोलतोय. हसलात ना? हसा. माझं नाव घेतलं की माणसाच्या तोंडावर हसू येतंच, मला त्याची सवय आहे. म्हणजे होती. हल्ली ते हसू मला जिव्हारी लागतं, आणि का लागतं ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

आधी ओळख करून देतो. सतार, सरोद, व्हायोलिन यांच्या खानदानात मला कुणी धरत नाही. लाकडाची एक लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, एवढाच माझा पसारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडायच्या. पोटात तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवलेला आहे. त्याची वायर ॲम्प्लिफायरला जोडली की माझा आवाज पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीची झोप उडवतो. मुंबईत कुठे हळद असली, गणपतीचं आगमन असलं, की ढोल-ताशाच्या वर जो किणकिणाट चाललेला असतो ना, तो मीच.

माझा जन्म कुर्ल्याचा. ज्याने मला बनवलं तो हार्मोनियमही दुरुस्त करायचा. दुरुस्तीला आलेल्या पेट्या वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेल्या. आम्ही बेंजो खाली, दरवाज्यापाशी, चपलांच्या शेजारी. आपली पायरी काय ती मला तिथेच कळली. वाईटही वाटलं नाही, कारण दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

मग एक दिवस सर्वेश आला. नाहूरचा पोरगा, अंगाने किडकिडीत, बोटं मात्र लांबसडक. त्याने बरेच बेंजो वाजवून पाहिले. मला वाजवल्यावर जरा थांबला आणि दुकानदाराला म्हणाला, "याचा आवाज थोडा रडका आहे. हाच दे." दुकानदार म्हणाला, "अरे, हळदीला रडका आवाज काय करणार तू?" सर्वेशने पैसे मोजले, मला काखेत मारलं आणि निघाला. मला तो तिथेच आवडला.

नाहूर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांची चार मजली सोसायटी. घरात तिघं. सर्वेश, त्याची आई विमला आणि वडील काशीराम. काशीराम मरोळला एका कारखान्यात मशीन चालवायचे, पण त्या भागात त्यांना कुणी काशीराम म्हणत नसे. ते काशीरामबुवा. भजनाचे बुवा. मूळ गाव कोकणात, बोली मालवणी, गळा असा की पूजेला ते गाणार कळलं की मुलुंड-भांडुपची माणसं चालत यायची. त्यांची हार्मोनियम हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या बाजूला असायची. रोज सकाळी अंघोळ करून ते आधी देवाला हात जोडायचे, मग तिला.

मी पहिल्यांदा घरात शिरलो तेव्हा बुवांनी मला नीट पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "झिला, ता तुझा भायरच ठेव. हय देवाची पेटी आसा."

भायर म्हणजे गॅलरीत. तिथे मी, एक मोडकी खुर्ची आणि विमलाबाईंची तुळस. बुवांनी मला कधी हात लावला नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायला आले तर मला वळसा घालून जायचे. वाईट माणूस नव्हता हो. पण त्यांच्या लेखी भजन म्हणजे देवाचं काम होतं आणि मी म्हणजे दारू पिऊन नाचणाऱ्यांचा बाजा. आता खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकीचं होतं?

कारण मी नाचणाऱ्यांचाच बाजा होतो. हर्षद नावाच्या पोराची बेंजो पार्टी होती, सर्वेश त्यात वाजवायचा. घाटकोपरला हळद, बोरिवलीला साखरपुडा, मुलुंडला गणपती. हातगाडीवर मला बसवायचे, मागे जनरेटर धडधडत असायचा. लोक नाचायचे, माझ्यावर बिअर सांडायचे, माझ्या बटणांवर हळदीचे हात पुसायचे. वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, हे मी बघून ठेवलंय. नवऱ्याचा मामा सर्वेशच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा आणि फोटोत सर्वेशचं अर्धंच तोंड असायचं. हर्षद म्हणायचा, "यार, आपण काय स्टेजवर बसलोय का? वाजव आणि चल."

पण सर्वेशच्या डोक्यात एक किडा होता. त्याला बुवांनी एकदा तरी त्याचं वाजवणं ऐकावं असं वाटायचं. नुसतं कानावर पडावं असं नाही, तर मांडी घालून, समोर बसून ऐकावं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मला ते त्याच्या बोटांतून कळायचं.

आता बुवांच्या चालीबद्दल सांगतो. सर्वेश लहान असताना विमलाबाई फार आजारी पडल्या होत्या. ऑपरेशन झालं आणि त्या शुद्धीवरच येईनात. बुवा हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहिले. तिथे बसल्या बसल्या, बोटांनी बाकड्यावर ताल धरून, त्यांनी गावच्या देवीसाठी एक गजर बांधला. "उघड गे डोळे आई, उघड गे डोळे." लोकांना वाटतं ते देवीला म्हणतायत. घरातल्यांना माहीत आहे ते कुणाला म्हणत होते. तेव्हापासून बुवांचं कुठलंही भजन असो, शेवट त्याच गजराने व्हायचा. तो गजर दुसरा कुणी बुवा गात नसे. ती काशीरामबुवांची चाल म्हणून सोडून दिलेली होती.

बुवा कारखान्यात गेले की सर्वेश मला गॅलरीत मांडीवर घ्यायचा आणि ती चाल वाजवायचा. वायर न जोडता, अगदी हळू. माझ्या रडक्या आवाजात ती बरी वाटायची, खोटं कशाला बोलू. विमलाबाई भाकऱ्या थापता थापता आतून म्हणायच्या, "हळू वाजय रे, तुझे बाबा येतले." मग थोडं थांबून म्हणायच्या, "नको. वाजय."

मग अंधेरीचं ते काम आलं. निहार नावाचा एक संगीतकार, टीव्हीच्या मालिकांना पार्श्वसंगीत द्यायचा. त्याने कुठल्यातरी मिरवणुकीत सर्वेशला ऐकलं होतं. त्याला नव्या मालिकेसाठी खराखुरा बेंजो हवा होता. "कीबोर्डमधला नको रे, रस्त्यावरचा हवा," असं तो फोनवर म्हणाला.

स्टुडिओत गेलो तर काय, मला चक्क टेबलावर ठेवलं. टेबलावर मऊ कापड. एका मुलीने ब्रशने माझ्या बटणांतली सुकलेली हळद काढली. माझ्यासमोर एक मोठा माइक आणून ठेवला आणि सगळे माझा आवाज ऐकायला चूप बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी चूप बसून ऐकत होतं. मी असा फुगलो होतो की विचारू नका.

निहार माणूस चांगला होता. त्याने सर्वेशला चहा दिला, अरे-तुरे केलं, बऱ्याच उडत्या चाली वाजवून घेतल्या. शेवटी म्हणाला, "आता तुझं स्वतःचं काहीतरी वाजव. मनातलं."

सर्वेशने डोळे मिटले आणि बुवांची चाल वाजवली. पूर्ण. संपली तेव्हा काचेपलीकडची माणसंसुद्धा हलली नाहीत.

"झकास," निहार म्हणाला. "कुणाची आहे ही?"

"माझ्या बाबांची."

"वापरू मालिकेत?"

"वापरा ना," सर्वेश म्हणाला. कशासाठी, कुठे, काही विचारलं नाही. ती चाल कशासाठी बांधलेली आहे तेही सांगितलं नाही. त्याला वाटलं, एवढ्या प्रेमाने ऐकलेली चाल प्रेमानेच वापरतील. मलाही तेच वाटलं होतं. टेबलावर ठेवलं की माणूस भुलतो आणि बेंजोही भुलतो.

घरी येऊन सर्वेशने बुवांना सांगितलं. "बाबा, तुमची चाल टीव्हीवर येणार. मी वाजवलीय." बुवा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.  मग विमलाबाईंना म्हणाले, "त्येका आत आण गे." आधी कुणाला कळेचना कुणाला आत आणायचंय. मलाच. विमलाबाईंनी मला पदराने पुसलं आणि हॉलमध्ये स्टुलावर ठेवलं, हार्मोनियमच्या शेजारी. ती काही बोलली नाही माझ्याशी, पण जागा दिली.

ज्या संध्याकाळी तो भाग लागणार होता, त्या संध्याकाळी बुवांनी अख्खं भजनी मंडळ घरी बोलावलं. स्वतः इस्त्रीचा सदरा घातला. विमलाबाईंनी कांदेपोहे केले. लोक खाली, पलंगावर, दारात बसले होते. सर्वेश टीव्हीच्या बाजूला उभा होता, त्याला बसवेना.

मालिका विनोदी होती. एका चाळीतली माणसं, त्यात एक दारुडा. तो दारुडा झोकांड्या खात आला, गटारात पडला, आणि त्याची बायको त्याला गदागदा हलवायला लागली. आणि तेव्हा मी वाजलो.

तीच चाल. उघड गे डोळे आई. फक्त दुप्पट वेगाने, मध्येच 'टॉइंग' असा एक आवाज जोडलेला आणि मागे रेकॉर्ड केलेलं हसू. दारुडा उठायचा, परत पडायचा, आणि परत मी.

मंडळातला पखवाजवाला आधी हसला. त्याचा काही दोष नाही, प्रसंगच तसा होता. मग त्याला चाल ओळखू आली आणि त्याचं हसू तोंडातच मेलं. विमलाबाईंनी ती पहिल्या सुरातच ओळखली असणार. त्या उठून आत गेल्या आणि भांडी नसतानाही नळ सोडून उभ्या राहिल्या.

सगळे बुवांकडे बघत होते. बुवांनी तो भाग शेवटपर्यंत पाहिला. मग टीव्ही बंद केला आणि सर्वेशला म्हणाले, "बरा वाजयलंस." एवढंच. आणि लोकांना म्हणाले, "चाय घेवा रे सगळ्यांनी."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, मला उचलून खाली फेकलं असतं, तर मी त्यांचे पाय धरले असते. त्या 'बरा वाजयलंस'ने माझी पार वाट लागली. सर्वेश त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता त्यानेच मला परत गॅलरीत नेऊन ठेवलं.

त्याने निहारला फोन केला. बाजूलाच होतो, मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. निहार खूश होता. "अरे, हिट झालंय ते! चॅनेलवाले म्हणतायत दर भागात पाहिजे."

"सर, ते भजन आहे," सर्वेश म्हणाला. "माझी आई शुद्धीवर नव्हती तेव्हा बाबांनी..."

तिकडे निहारचा उत्साह उतरला. मग म्हणाला, "सॉरी यार, मला खरंच माहीत नव्हतं. मी ते इमोशनल सीनलाच लावलं होतं. पण सगळ्यांना हसू आलं. म्हणाले, कॉमेडीला लाव. चाल चांगलीच आहे रे, पण बेंजो वाजला की लोकांना हसूच येतं ना."

ऐकलंत? चालीत खोट नव्हती. वाजवणाऱ्याच्या बोटांत नव्हती. हार्मोनियमवर वाजली असती तर कुणी हसलं नसतं. बासरीवर वाजली असती तर लोकांनी डोळे पुसले असते. माझ्या गळ्यातून आली म्हणून ती हसण्याजोगी झाली. एका माणसाने बायकोचे डोळे उघडावेत म्हणून बांधलेली चाल, आणि ती माझ्या आवाजामुळे गटारात गेली. त्या दिवसापासून मला माझ्या आवाजाची लाज वाटायला लागली. स्वतःच्या आवाजाची लाज वाटणं म्हणजे काय, ते वाद्यालाच विचारा. आम्हाला दुसरं असतं काय?

पुढे तर ती चाल मोबाइलवर पसरली. पोरं ती लावून कुठेही पडायची आणि शूटिंग करायची. हळदीला फर्माईश यायला लागली. लोक नाचता नाचता ओरडायचे, "ए बेंजो, ते गटारवालं वाजव ना!" सर्वेश दुसरंच काही वाजवायचा. हर्षद चिडायचा. "पब्लिक मागतंय रे. तुझ्या बापाची चाल आहे, तू भाव खायचा तर लाजतोस कसला?" सर्वेश मान खाली घालायचा. त्याला सांगता येत नव्हतं आणि हर्षदला कळत नव्हतं.

आणि घरी बुवांनी गजर गायचा सोडला. भजन व्हायचं, आरती व्हायची, आणि ते दुसरंच काहीतरी म्हणून पेटी मिटायचे.   एकदा गॅलरीत तुळशीला पाणी घालताना विमलाबाई स्वतःशीच ती चाल गुणगुणायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. मी शेजारीच होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग सोसायटीची वार्षिक पूजा आली आणि तिच्या निमित्ताने खालच्या पटांगणात डबलबारी ठरली. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने भजनं म्हणतात आणि गाण्यातूनच एकमेकांची खेचतात. टोमण्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही की बुवा पडला. काशीरामबुवा आजवर पडले नव्हते.

समोर वाकोल्याचे देवेशबुवा होते, वयाने लहान, जिभेने तिखट. सर्वेश खाली गेलाच नाही. लोकांत जायला त्याला तोंड नव्हतं. तो गॅलरीत माझ्याजवळ उभा राहून ग्रिलमधून बघत होता. आम्ही दोघं लपलेलो.

पूर्वार्ध छान रंगला. मग देवेशबुवांनी सूर धरला आणि हसत हसत गायले की, नाहूरच्या बुवांची चाल म्हणे टीव्हीवर चमकली, गटारात पडली तरी हातातली बाटली नाही सुटली. पटांगण खदखदलं. पोरांनी तर दोन-तीनदा जमिनीवर पडूनही दाखवलं. देवेशबुवांच्या मनात वाईट नव्हतं, डबलबारीत असं चालतंच. ते हसून उत्तराची वाट बघत बसले.

 पेटीच्या भात्यावर बुवांचा हात तसाच. पखवाजवाल्याने ठेका धरून दिला, एकदा, परत एकदा. उत्तर येईना. बायकांच्या रांगेत विमलाबाई खाली बघत बसल्या होत्या. मला वरून दिसत होतं, बुवांचे ओठ हलत होते. ती चाल तोंडाशी येत होती आणि ते ती परत गिळत होते. आता हे पडले, की ती चाल ते पुन्हा कधी गाणार नाहीत, हे मला कळलं. सर्वेशलाही कळलं.

त्याने मला उचललं. मला वाटलं आता फोडतोय. पण तो मला घेऊन जिना उतरत सुटला, माणसांतून वाट काढत स्टेजवर चढला आणि बुवांच्या बाजूला मांडी घालून बसला. मला बघून लोक आणखी हसले. कुणीतरी शिट्टी मारली.

"कित्याक आणलंस ह्येका?" बुवा पुटपुटले.

"बाबा, तुम्ही गा. मी वाजवतो."

"हसतले."

"हसूदेत. आधी माझ्यामुळे तुमचं एकट्याचं हसं झालं. आता दोघांचं मिळून होऊदे." त्याने माझ्या बटणांवर बोटं ठेवली. "पण चाल सोडू नका, बाबा."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. विमलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती आणि मांडीवर हळूच टाळी धरली होती. बुवांनी डोळे मिटले आणि वरचा सूर लावला. उघड गे डोळे आई.

सर्वेशने माइक माझ्याजवळ ओढून वाजवायला सुरुवात केली. आणि इतक्या महिन्यांच्या लाजेने म्हणा, गॅलरीतल्या उन्हाने म्हणा, माझी एक तार उतरलेली होती. मी बेसूर वाजलो. लोक खो खो हसले. जमिनीने फाटून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बुवा गाता गाता थांबले. त्यांनी पेटीवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळले. सगळ्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी मला हात लावला. वाकून माझ्या तारेला कान दिला, खुंटी थोडी पिळली, तार छेडली, परत थोडी पिळली. जसे ते रोज सकाळी आपल्या पेटीला हात जोडायचे, तसंच सावकाश. समोर हशा चालू होता आणि त्यांना कसली घाई नव्हती.

"आता वाजय," ते म्हणाले.

आम्ही पूर्ण चाल म्हटली. हसणारे हसतच होते, मी खोटं सांगणार नाही. काही थांबले, काही नाही. डबलबारी देवेशबुवांनी जिंकली. बुवांनी त्यांना हात जोडले आणि पेटी मिटली.

तेव्हापासून भजनाचा शेवट पुन्हा त्याच गजराने होतो. कुणीतरी हसतंच, बुवा थांबत नाहीत. मी अजून हळदीला जातो, अजून माझ्यावर बिअर सांडते, अजून लोक 'ते गटारवालं' मागतात. सर्वेश आता नाही म्हणत नाही. वाजवतो, पण बुवा गातात त्याच लयीत. त्यावर पडून दाखवायला जमत नाही, म्हणून पोरं कंटाळून दुसरं मागतात.

माझी लाज गेलेली नाही. या आवाजातून ती काही जाणार नाही. तुमच्या घरी कार्य निघालं आणि मी दारात आलो, तर माझ्यावर खुशाल हसा. फक्त सर्वेश सावकाश वाजवायला लागला, की तेवढा वेळ जरा बसा. आवाज माझा ऐकू येईल तुम्हाला, पण त्या चालीत एक माणूस आपल्या बायकोला उठवतोय.